राक्षसाचा श्वास
निलगिरीच्या तेलाचा वास आला की सिडकोतल्या आमच्या घराची आतली खोली आठवते. माझ्या अद्भुत कादंबरीवर व्हिडिओ गेम होत होता, आणि त्याची दिग्दर्शिका चर्चेसाठी घरी आली होती. आतून वडिलांची घरघर ऐकून ती बोलता बोलता थांबली. अंबडच्या फाउंड्रीत, वितळलेल्या लोखंडाच्या धुरात उभी हयात काढलेल्या छातीचा तो आवाज होता. "सर, गेममधला आपला दाराआडचा राक्षस असाच श्वास घेईल," ती म्हणाली. वडील हसले. "घ्या की. याची आई मला राक्षसच म्हणायची." आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माइक त्यांच्या ओठांजवळ धरला. थोड्या वेळाने त्यांना खरोखरच धाप लागली. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला, कारण दम्याचा पंप माझ्याकडे होता. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत बसलेल्या दिग्दर्शिकेने बोट वर केलं, आवाज नको म्हणून. तिला काही दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तरी मी पंप मुठीत धरून थांबलो. वडील माझ्याकडे बघत राहिले, हात तसाच ठेवून. मग मी पंप दिला. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि आता ते नाहीत. गेम खेळलेले लोक सांगतात, दाराआडचा राक्षस काहीतरी मागतोय असं वाटतं. तो काय मागतोय, ते मी त्यांना सांगत नाही.