मंत्र्यांचं हेलिकॉप्टर आणि आमची सतरंजी

नागपूरच्या विमानतळावर मी लोडर होतो. विमान आलं की त्याच्या पोटात शिरून लोकांच्या बॅगा ट्रॉलीवर टाकायच्या, आणि विमान नसलं की ते उभं राहतं त्या मैदानावरून वाकून-वाकून कागद, खिळे, खडे वेचायचे. एखादा खिळा राहिला तर इंजिन तो गिळतं, आणि मग सुपरवायझर आपल्याला गिळतो. गावी, सौंसरला मात्र मी सांगितलं होतं की मी इशारे करून विमानं जागेवर लावतो. दोन्ही हातांत पाट्या घेऊन तसं करणारा माणूस मी रोज पाहायचो. त्याची ऐट मला आवडली, म्हणून मी ती उचलली.

बाबा शाळेत चपराशी होते. त्यांनी ही बातमी आधी मास्तर लोकांना सांगितली, मग चहाच्या टपरीवर, मग बोरगावला साडूकडे, आणि लोधीखेड्याला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा तिथंही. दर खेपेला विमान थोडं मोठं व्हायचं. मी होऊ द्यायचो. घरात माझ्या वाटीत रश्श्यावरची तर्री जास्त पडत होती, ती कोण सोडणार.

निवडणूक तोंडावर आली होती. मंत्री सकाळी पांढुर्ण्याला सभा करून दुपारी सौंसरला येणार, आणि त्यांचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरणार. मी नेमका सुट्टीवर. हेडमास्तरांनी मला आणायला बाबांनाच पाठवलं.

"चाल लवकर," बाबा दारातूनच म्हणाले. "हेलिकॉप्टर तुलेच उतरवाचं आहे."

आज माझं पितळ उघडं पडणार आणि हसं होणार ते बाबांचं, हे मला चपला घालतानाच कळलं.

मैदानात चुन्याची कोरडी भुकटी पसरून मोठा गोल आखला होता. गोलापासून मंडपापर्यंत तंबूवाल्याची लाल सतरंजी. बाजूला भला मोठा तराजू आणि संत्र्यांचा ढीग. आमच्याकडे मोठा माणूस आला की त्याला संत्र्यांनी तोलतात. मंत्री चांगले भरलेले होते, त्यामुळे ढीगही तसाच होता.

इशाऱ्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे सगळं पाहून राहवेना.

"सर, हे उचला," मी हेडमास्तरांना म्हटलं. "चुन्यावर पाणी मारा, मंडप मागं न्या. अन् सतरंजी तं आधी काढा. पंख्यात गेली तं हेलिकॉप्टर इथंच पडन."

हेडमास्तर हसले. "तू तुझे इशारे कर. झाडझूड करायला तुझा बाप आहे इथं."

बाबा तिथंच उभे होते. तीस वर्षांत त्यांनी हेडमास्तरांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, सतरंजीचं एक टोक उचललं आणि मला म्हणाले, "धर तिकून." आम्ही दोघांनी ती गुंडाळून वर्गात नेऊन टाकली, चुन्यावर बादल्यांनी पाणी मारलं. मंडपाला मात्र कोणी हात लावू दिला नाही.

हेलिकॉप्टर आलं. मी दोन हातांत दोन लाल रुमाल घेऊन, रोज पाहिलेल्या त्या माणसाची नक्कल करत उभा राहिलो. पायलटनं माझ्या इशाऱ्यांना भीक घातली नाही. त्याला हवं तिथं तो उतरला. मंडपाचं छत उठलं आणि शाळेच्या कुंपणावर जाऊन पडलं. हेडमास्तरांचं स्वागताचं भाषण एकेक पान करत बसस्टँडकडे गेलं, मागोमाग त्यांची टोपी. संत्री मैदानभर झाली. मंत्र्यांना तोलायचं राहूनच गेलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

धूळ बसल्यावर हेडमास्तरांनी सतरंजीवरून पायलटपुढेच तक्रार केली, "इस लडके ने दरी उठवा दी, मंत्रीजी को धूल में चलना पडा."

पायलट थांबला. "यहाँ दरी बिछी थी? किसने हटाई?"

मी हात वर केला. त्यानं मला नीट न्याहाळलं. "इशारे तो तुम्हारे सब गलत थे. करते क्या हो?"

सगळं गाव ऐकत होतं. बाबाही.

"लोडर हूँ साहब, एअरपोर्ट पर. सामान चढाता-उतारता हूँ, और जमीन का कचरा बीनता हूँ."

"तभी दरी हटाना सूझा," तो म्हणाला, आणि मंत्र्यांच्या मागे निघून गेला.

लोक हसले. हेडमास्तर सगळ्यांत आधी. बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. सभा संपेपर्यंत ते संत्री गोळा करत राहिले. घरी निघालो तेव्हा ते सायकल हातात धरून चालत होते आणि मला फार वाईट वाटत होतं.

"चुकलं बाबा," मी म्हणालो. "लोकायपुढं तुमची शोभा झाली."

"लोकायचं राहू दे." त्यांनी सायकल या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी तीस वर्षं झाडूनच राहिलो. त्याच्यावरच तू शिकला. 'मी बी झाडतो,' असं मले सांगाची तुले लाज वाटली काय?"

"नाही बाबा."

आजवर मी मारलेली प्रत्येक थाप त्यांनी खरी मानली होती. ही मानली नाही.