मोराची फाईल

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका कारखान्यातल्या जुन्या चादरींचे फोटो काढून त्यांच्या नक्ष्या कॉम्प्युटरवर जपून ठेवायचं काम मी गेल्या वर्षी घेतलं. सोबतीला तिथले म्हातारे विणकर मास्तर होते. घरी तेलुगू बोलणारे, माझ्याशी सोलापुरी मराठी. चादरीचा काठ बघूनच ती कुणी विणली ते सांगायचे.

फायलींना मी सुचेल ते नाव द्यायचे. ‘मोर’, ‘मोर नवीन’, ‘मोर शेवटचा’. एका दुपारी फोटो कॉपी करताना कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, बदलायची का? मी न वाचताच हो केलं आणि आधीचा मोर पुसला गेला. तो मास्तरांनी तरुणपणी विणलेला. तशी एकच चादर उरली होती, करकंब गावच्या एका आजींकडे, आणि ती आम्ही परतही केली होती.

मास्तरांना सांगताना माझी मान वर होईना. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “उद्या जाऊ की करकंबला.”

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. आजींना नवल वाटलं नाही. “परत आलाय व्हय? आदी च्या घ्या. चादर हितंच हाय.” मग त्यांनी ती अंगणात बाजेवर उन्हात पसरली. “माज्या लग्नात बापानं दिल्याली. रंग अजून गेला न्हाय.” मास्तर काठावरून बोट फिरवत राहिले. मी चार फोटो जास्तच काढले.

घरी आल्यावर पुण्याच्या मावसभावाला फोन केला. त्याने एक छोटासा प्रोग्राम पाठवला. कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एक ठरलेला शब्द आणि फायलीचं नाव टाईप करून एंटर दाबायचं, की त्या क्षणाचं वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद जोडून एक नंबर तयार होतो आणि तोच फायलीला लागतो. एकदा आलेला नंबर पुन्हा येत नाही.

मास्तरांना पटेना. “ताई, येकाच सेकंदाला दोन फायली दिल्या तर?”

मलाही माहीत नव्हतं. दोन फायली एकदम दिल्या. पहिलीच्या नंबराच्या शेवटी बारा आले, दुसरीच्या तेरा. पहिलीला नंबर देऊन प्रोग्राम पुढच्या सेकंदापर्यंत थांबला होता.

“थांबतंय की,” मास्तर म्हणाले. “शाणं हाय.”

तेव्हापासून मी नंबर वाचते, मास्तर तो चिठ्ठीवर लिहून चादरीला टाचतात. परवा त्यांनी घरून एक लहानसा टॉवेल आणला. नातीच्या बारशाला स्वतः विणलेला, कोपऱ्यात दोन पोपट. “कारखान्याचा न्हाय,” ते जरा संकोचून म्हणाले, “पण चालंल का?”

मी फोटो काढला आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. एकेक अक्षर शोधत त्यांनी प्रोग्रामचा तो शब्द टाईप केला, मी फायलीचं नाव जोडलं. एंटर त्यांनीच दाबला.