जिजीच्या माठातलं पाणी

जिजी तव्यावरची तांदळाची भाकरी नुसत्या बोटांनी उलटायची आणि तिची बोटं कधी भाजायची नाहीत. मी मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात चार वेळा पोळून घेतलं. बेलापूरच्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत आम्ही दिवाळे गावात, खाडीकाठी, तिच्या माडीवर भाड्याने राहत होतो. जिजी सकाळी मासळी विकून यायची. सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातून ‘आई गं’ ऐकू आलं की जिना चढून वर यायची.

पहिल्या खेपेला ह्यांनी माझ्या बोटांना टूथपेस्ट फासली होती. ती पाहून जिजीने विचारलं, “बोटांना दात आले काय?” मग पेस्ट धुतली, अंगठी उतरवली आणि माझा हात पाण्याच्या पातेल्यात बुडवला. बर्फ नाही, हळद नाही, बटाट्याची चकती नाही. साधं पाणी. पण दोन मिनिटांत हात काढायची सोय नव्हती. ती समोर बसून गोष्ट सांगायची. कोण होडीवर रुसून बसला, कुणाच्या जाळ्यात पाणसाप आला. “गोष्ट सपली का हात काड,” ती म्हणायची. तिची गोष्ट वीस मिनिटांच्या आत कधी संपली नाही. फोड आलाच तर फोडायला बंदी. “आतल्या नव्या कातडीचं पांघरून हाय ते. राहू दे तिच्या अंगावर.”

साताऱ्याहून सासूबाई आल्या त्या मला घेऊन जायच्याच बेताने. त्या माळकरी, आणि आमच्या जिन्यात सुकटीचा वास. जिजीने पाठवलेला चहा त्यांनी परत केला. “फ्लॅट मिळेपर्यंत तू गावाकडं चल,” असं मला सांगूनही टाकलं. माझी इथली नोकरी नुकती कुठे लागली होती. ती सोडायची माझी तयारी नव्हती, पण हे त्यांना सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिले.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, पुरणपोळी करताना उलथनं निसटलं आणि सासूबाईंची चार बोटं तव्याला टेकली. नळ सकाळीच गेलेला, आमचं पिंपही रिकामं. “तूप आण, नाहीतर शाई आण,” त्या म्हणाल्या. तोवर जिजी आपला पिण्याच्या पाण्याचा माठ कमरेवर घेऊन वर आली होती. तिने तो सगळा परातीत ओतला. सासूबाईंनी हात मागे घेतला.

“तुमच्या घरचं पाणी नको मला.”

“प्यायला कोन सांगतं? बोटांना पाजा. बोटांनी कुठं माळ घातलीय?”

सासूबाईंना हसू आलं. तेवढ्यात जिजीने त्यांचा हात धरून पाण्यात घातला आणि एका नव्या सुनेची गोष्ट सुरू केली. गोष्ट संपली तरी सासूबाईंनी हात काढला नाही. “मग त्या सुनेचं पुढं काय झालं?” त्यांनी विचारलं. दुसरी गोष्ट झाली. तिसरी सासूबाईंनीच सांगितली, ती मीही कधी ऐकली नव्हती. जिजीने बोटांवर स्वच्छ फडकं सैलसर गुंडाळलं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

“चहा टाका आता,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्याकडचा.”

“चहाचं भांडं येगळं हाय माजं, त्यात मासळी नाय पडत,” जिजी म्हणाली. “ही माजी पोर, मंग तुमी माज्या विहीनबाईच.”

दोन दिवसांनी सासूबाई एकट्याच साताऱ्याला परतल्या. मला न्यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये गेलो, तरी त्या गावाहून आल्या की आधी दिवाळ्याला उतरायच्या, शेंगांची पिशवी जिजीला द्यायच्या आणि मग आमच्याकडे यायच्या. मी आपली दारात वाट बघत उभी.

जिजी गेल्याचा निरोप आला तेव्हा सासूबाई आमच्याकडेच होत्या, मेथी निवडत होत्या. जुडी तशीच ठेवून त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं, घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं. ओल्या केसांनीच बाहेर येऊन मला म्हणाल्या, “तूही घे. इथली आईच होती ना ती तुझी.”