दंडावर न उठलेल्या देवी

बाळापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझं लेकरू पायावर उभं केलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते सगळं घाण आहे, आणि त्यातली बरीच घाण माझीच आहे.

माझं माहेर नगरकडचं. पाचवीतून शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन इतक्या लांब, आखाडा बाळापूरला आले. मालक ट्रकवर होते. वारंगा फाट्यावरून गाडी घेऊन गेले की आठ-आठ दिवस तोंड दिसायचं नाही. घरात मी, सासूबाई आणि दीड वर्षाचं पोरगं. सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. देवीची साथ अजून संपली नव्हती.

पोरगं धड बसायचंसुद्धा नाही. पाय वाकडे, मनगटं गाठ आल्यासारखी, पोट पुढं आलेलं. झोपेत डोक्याला इतका घाम यायचा की उशाची चिंधी पिळून काढावी, आणि तिला आंबट वास. सासूबाईंचं म्हणणं, ऊन बाधतं म्हणून घाम येतो, वर लोकांची नजर. म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवलेलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. एका कोपऱ्यात गोवऱ्या, दुसऱ्यात मुतानं भिजलेल्या गोधड्या, आणि सगळीकडं माशा. हळद शिजवायचे दिवस आले की मागच्या वावरातल्या कढयांवर पाला टाकून शेणानं लिंपायचे, तो वाफाळलेला वास थेट आत यायचा. मला घास उतरायचा नाही. खरं सांगते, कधीकधी मला माझ्याच लेकराची किळस यायची. पाजताना मान फिरवून बसायचे.

शेजारच्या वस्तीत एका घरात देवी निघाल्या आणि नर्सबाई घरोघर देवीची लस टोचत आमच्याकडं आल्या. पोराच्या दंडावर सुईनं टोचलं. म्हणाल्या, "सुकू द्या. पुसू नका, काही लावू नका."

त्यांची पाठ फिरली तशी सासूबाईंनी पदराच्या टोकावर तंबाखूची थुंकी घेतली, दंड खसाखसा पुसला आणि वर ओलं शेण थापलं.

"असल्या मरतुकड्या लेकराच्या अंगात देवी घालून राहिली ती बया. मरंल ना!"

दंड धरला होता मी. शेण माझ्या बोटांना लागलं. मी दंड सोडला नाही. खोटं कशाला सांगू, मलाही तीच भीती होती.

आठ दिवसांनी बाई बघायला आल्या. दंड कोरा, लशीचा फोड नाही. "काहून उठलं न्हाई?" म्हणून त्यांनी पुन्हा टोचलं. आम्ही पुन्हा पुसलं.

मग हिंगोलीहून त्यांचे साहेब तपासायला आले. आमच्याच उंबऱ्यावर उभे राहून बाईंना म्हणाले, "लस उन्हात शिजवून आणता का? दोनदा टोचून एक फोड न्हाई! कामं करता का तमाशा?"

"बर्फातच आणली होती, साहेब."

"मंग बर्फाला विचारू का मी?"

बरोबरचा शिपाई हसला. बाई खाली बघत उभ्या राहिल्या. मी दाराआड होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी दार आणखी पुढं ओढून घेतलं. त्या दिवशी मला माझी जेवढी घाण वाटली तेवढी त्या खोलीचीही कधी वाटली नव्हती.

साहेब गेल्यावर बाई थेट आत शिरल्या. नाकाला पदर लावला, पोराला त्या गोधडीतून उचललं, अंगणात आणलं आणि मनगटं, बरगड्या चाचपल्या.

"माय, ह्याला मुडदूस हाय. हाडं कच्ची राहिली. ऊन दाखवतच न्हाईत का तुमी? असल्या अंगात लस तरी कशी धरंल?"

मी लगेच मान डोलावली. दोष दुखण्यावर गेला, मी सुटले.

बाईंनी माशाच्या तेलाची बाटली दिली आणि सकाळचं ऊन सांगितलं. ते तेल! बूच काढलं की सडक्या मासळीचा भपकारा. पोरगं ओकायचं, माझ्या लुगड्यावर ओकायचं, आणि तो वास सोड्यानं धुवूनही जायचा नाही. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. मी मात्र रोज त्याला उघडं करून अंगणात, वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला निजवायचे. शेजारीण कुडावरून डोकावायची.

"काय वं, हळदीसंगं पोरगंबी वाळवून राहिली का?"

"व्हय. वाळलं की हिंगोलीच्या बाजारात नेते."

"घेईल कोण? मासळीचा वास मारतो त्याला!"

तीनेक महिन्यांनी पोरगं भिंतीला धरून उभं राहिलं. तेव्हा मी सासूबाईंना न सांगता त्याला दवाखान्यात नेलं, तिसऱ्यांदा टोचून घेतलं आणि दुपार कलेपर्यंत तिथंच त्याचा हात धरून बसले. आठव्या दिवशी दंडावर फोड आला. पिवळा, पुवानं टरारलेला, भोवती लाल. बघवत नव्हता. मी मात्र पुन्हा पुन्हा बघत होते.

"पाहिलं?" बाई हरखून म्हणाल्या. "तेलानं अन् उन्हानं अंगात जोर आला!" पुढं ही गोष्ट त्या घरोघर सांगत फिरल्या.

जोर आला म्हणून उठलं, की पुसलं नाही म्हणून, मला आजही कळत नाही. दोन्ही असेल. पण दोनदा पुसल्याचं त्यांना कुणीच सांगितलं नाही. त्यांची बदली झाली तेव्हा मी फाट्यावर गाडीपर्यंत गेले. शब्द तोंडात आला होता. गाडी सुटली.

बाई, तुम्ही जिथं असाल तिथं मी एक दिवस येणार आहे. पोरगं स्वतःच्या पायानं चालत तुमच्या दारात येईल. मग तुमच्या घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर सांगेन की लस चांगली होती, बर्फही होता, ती आम्ही थुंकीनं पुसली आणि तुम्ही बोलणी खाल्लीत. तुमचं एवढं देणं फेडल्याशिवाय मी राहणार नाही.