विहिरीवरची नोटीस आणि माझं दूध

राधानगरीकडून एक म्हैस घेऊन मी शिवाजी पेठेत आलो. एकीच्या सहा झाल्या, तेव्हा गोठा आणि त्यातली विहीर विकत घेतली. सौद्याला सव्वा महिना लागला, पण विहिरीचं पाणी गोड म्हणून मी चिकटून बसलो. पुढं साठ घरांना रतीब गेला. दुधात मी थेंबभर पाणी कधी घातलं नाही.

नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात गल्लीतली गटाराची पाईप फुटली. आरोग्य खात्याचा माणूस बाटलीत पाणी घेऊन गेला आणि परत आला तो नोटीस घेऊनच. आसपासच्या सगळ्या विहीरमालकांना ती मिळत होती. एक प्रत मालकाला, एक कठड्यावर चिकटवायची, वर लाल रंगात 'पाणी पिण्यास अयोग्य' रंगवायचं.

"लाल कशाला? निळ्यात लिहा. आणि 'तूर्त अयोग्य' म्हणा."

"मालक, ही काय मंडई हाय व्हय?"

"मग सही करत न्हाई."

तासाभरानं 'तूर्त' मिळालं. रंग लालच राहिला, पण अक्षरं वीतभरानं कमी करून घेतली. जिंकल्याच्या थाटात मी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी वीस घरांनी दूध बंद केलं.

"ह्यांना कावीळ झाली म्हंजे?" कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, खराब झालंय ते विहिरीचं पाणी. दुधाचा काय संबंध?"

वहिनींनी पातेलं आत नेलं. त्यांची शेजारीण मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामा, संबंध आम्ही कशाला सांगायचा?"

माझं डोकंच फिरलं. तसाच गोठ्यात गेलो, म्हैस सोडली आणि वहिनींच्या दारात आणून उभी केली. अख्खी गल्ली गॅलरीत. सगळ्यांसमोर धार काढली, फेस आलेलं भांडं वर धरलं.

"बघा! कुठं दिसतंय पाणी?"

वरच्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरांनी कपभर दूध मागवून चाखलं. "चांगलं हाय की. पण आधीचंबी चांगलंच होतं. पाणी घालत होता, पर विहीर गोड होती, म्हणून आम्ही कधी बोललो न्हाई."

इतकी वर्षं! साठ घरं मला मनातल्या मनात माफ करत होती.

त्यानंतर महिनाभर मी म्हैस दारोदार फिरवली. विसातली चार घरं परत आली.

पाईप दुरुस्त झाली आणि तोच माणूस दुसरी नोटीस घेऊन आला. पाणी पिण्यास योग्य. या खेपेला मी घासाघीस केली नाही. म्हटलं, जेवढी मोठी अक्षरं काढता येतील तेवढी काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली सोळाही घरं दारात भांडी घेऊन उभी. म्हैस का आणली नाही, असं एकानंही विचारलं नाही. वहिनींनी पातेलं पुढं केलं.

"पाणी चांगलं झालं म्हणं, मामा?"

"व्हय," मी म्हणालो आणि माप भरून दूध ओतलं.