निळा रंग आणि नमुना भ-४७

सकाळी फिरायला येणारे मित्र विचारतात, "डॉक्टर, तुम्ही लॅबमध्ये नेमकं केलंत काय?" रसायनशास्त्र सांगू लागलो की मलाच शंका येते, खरंच काही केलं होतं का? म्हणून किस्से सांगतो. आमच्याकडे निष्कर्ष थोडे निघाले. किस्से मात्र रिकाम्या बाटल्यांसारखे साचत गेले. त्यातले काही मला चुकीचे आठवत असतील, हेही आधीच सांगून ठेवतो.

*

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगाव एमआयडीसीतला आमचा केमिकल कारखाना शेठजींनी मुलाच्या, म्हणजे भैयासाहेबांच्या हाती दिला. भैयासाहेबांनी लॅबच्या फळ्यावरचे संशोधनाचे विषय मोजले. अकरा निघाले.

"तीनच ठेवा. बाकीचे बंद."

आम्ही आठवडाभर मीटिंगा घेतल्या. शेवटी फळ्यावर विषय झाले बारा. बारावा विषय, 'प्राधान्यक्रम ठरवणे'. प्रमुख मी!

*

अकरांतला पहिला विषय माझा होता: सुती कापडावरून न उडणारा निळा रंग. त्याला मी नऊ वर्षं दिली होती. तो तिनांत राहावा एवढंच मला हवं होतं.

चाचणीसाठी धुळ्याच्या एका रंगाऱ्याकडे गेलो. सोबत आमचे लॅब अटेंडंट नामदेवनाना, मूळचे चोपड्याचे. रंगाऱ्यानं विचारलं, धुतल्यावर उडणार नाही ना? मी म्हणालो, बहुधा नाही; पण पाण्यातले क्षार, साबण, ऊन यांचाही विचार करावा लागेल. वीस मिनिटं बोललो. तेवढ्यात त्यानं दुसऱ्या कंपनीचा डबा फोडून एक लुगडं रंगवून वाळत घातलं.

परतताना एसटीत नाना म्हणाले, "साहेब, एकदाव तरी 'नक्की' म्हना ना. जीभ जळस का?"

*

पाचवा विषय केळी उशिरा पिकवण्याच्या फवाऱ्याचा. एक फणी फवारलेली, एक साधी, पंधरा दिवस निरीक्षण. सहाव्या दिवशी साधी फणी गायब. मी नानांना जाब विचारला.

"पिकी गयात साहेब. मंग काय फेकी देवानं?"

अहवालात मला लिहावं लागलं: साधी केळी निरीक्षणासाठी उपलब्ध नाहीत. भैयासाहेबांनी शेरा मारला, 'फवारा प्रभावी'.

*

आमच्याकडे एक विजेची भट्टी होती. ज्या विषयासाठी मागवली, तो विषय ती येईपर्यंत बंद झाला होता. कोरी करकरीत भट्टी, थंडीचे दिवस आणि बाजारात भरताची हिरवी वांगी. पुढचं काय सांगायचं? तीन हिवाळे रोज दुपारी भरीत झालं. कपाशीच्या काड्यांच्या धुराचा वास त्याला नाही, अशी नानांची तक्रार मात्र कायम होती.

माझा नियम एकच: भट्टीत काहीही ठेवा, रजिस्टरमध्ये नोंद हवी. नाना नियमाचे पक्के. 'नमुना भ-४७. वजन चारशे दहा ग्रॅम. पूर्वप्रक्रिया: टोचे, तेल. अडीचशे अंश, पंचवीस मिनिटं. निष्कर्ष: उत्तम.'

*

बारावा विषय माझ्याच्यानं संपेना, तेव्हा भैयासाहेबांनी मुंबईहून सल्लागार आणला. त्यानं दोन दिवस सगळी रजिस्टरं वाचली आणि मीटिंगमध्ये अहवाल ठेवला. केळ्यांचा फवारा ठेवायचा. गोदामात पडून राहिलेल्या फिनेलला वास लावायचं कामही ठेवायचं. तिसऱ्या जागेसाठी दोन विषय उरले.

त्यानं माझं रजिस्टर उघडलं. निळ्या रंगाच्या प्रत्येक पानाखाली माझ्याच अक्षरात एकच ओळ होती: 'निष्कर्ष संशयास्पद. पुन्हा करून पाहावे.' मग भट्टीचं रजिस्टर उघडलं. तीन वर्षांत एकही नमुना नापास नव्हता.

"इतकं शिस्तबद्ध काम मी दुसऱ्या कुठल्याच लॅबमध्ये पाहिलं नाही," तो म्हणाला.

भैयासाहेब माझ्याकडे वळले. "डॉक्टर, दोन्ही तुमच्याच लॅबचे. एकच ठेवता येईल. निळा रंग यशस्वी होईल?"

मी तोंड उघडलं. पाणी, साबण, ऊन, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"आणि हा भ?"

दारात चहाचा ट्रे घेऊन नाना उभे होते. ते माझ्याकडे बघत होते.

"नक्की," मी म्हणालो.