रबराचा चीक बसताना

दोडामार्गाजवळ आमची रबराची लहानशी बाग आहे. चार वर्षांपूर्वी झाडांना खाचा घेऊन चीक काढणारा गडी काम सोडून गेला, तेव्हा दीर म्हणाला, "वयनी, झाडां खंडान देवया. ह्या तुका जमाचा नाय." नवरा रोज गोव्याला कामाला जातो, त्याचाही कल बाग भाड्याने देण्याकडेच होता. मी एक महिना मागून घेतला. महिनाअखेरीस व्यापारी येतो, घट्ट झालेला चीक लाटून वाळवलेल्या रबराच्या शिटा उजेडाकडे धरून बघतो आणि चांगल्या-वाईटाचे दोन ढीग लावतो. आमच्या शिटा चांगल्यात गेल्या तर बाग माझ्याकडे राहील, असं ठरलं.

खाच घ्यायला मी आठवड्यात शिकले. अडलं ते पुढे. चीक साठवायचे प्लास्टिकचे वाडगे फुटले होते, म्हणून मी घरातल्या करवंट्या बांधल्या. आत थोडं खोबरं चिकटलेलं होतं, ते खरवडायचा कंटाळा केला. खोबरं आंबलं आणि चीक करवंटीतच फाटून बसला. मग एक दुपार करवंट्या घासण्यात गेली.

डिसेंबर लागला. ट्रेमध्ये चीक ओतून तो घट्ट बसावा म्हणून त्यात गेलेल्या गड्याच्या मापाने अ‍ॅसिड घातलं, तरी दुसऱ्या सकाळी तो पातळच. मला घाई. पुढच्या खेपेला बाटलीतलं अ‍ॅसिड तसंच ओतलं. पडलं तिथे गुठळ्या झाल्या, बाजूला दूधच राहिलं.

शेजारच्या बागेतली केरळी बाई कोयता मागायला आली होती. वीस वर्षं इथे राहून ती आमच्यासारखंच बोलते. ट्रेमध्ये डोकावून म्हणाली, "इडल्यो केलंस काय गो? सांबार खंय आसा?"

"थंडीत बसणा नाय, मी काय करू?"

"थंडी माका पण आसा. चिकाक घाई नाय, तुकाच आसा."

कोयता बाजूला ठेवून ती कामाला लागली. दुसऱ्या ट्रेसाठी उन्हात तापलेल्या पिंपातलं पाणी चिकात घातलं. अ‍ॅसिड मगभर पाण्यात पातळ केलं आणि ढवळत ढवळत हळूहळू सोडलं. वरचा फेस काढला. पाणी जास्त झालं तर चीक उशिरा बसतो, कमी पडलं तर शीट कडक होते, आणि उन्हाळ्यात अ‍ॅसिड कमी लागतं, असं सांगत होती. मी ते तिला पुन्हा सांगायला लावून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. स्वतःचं काम टाकून ती चार दिवस सकाळी येत राहिली.

व्यापाऱ्याने इडल्यांच्या शिटा वाईटात टाकल्या. बाकीच्या सगळ्या चांगल्यात गेल्या. दिराने पुढचं अ‍ॅसिड किती आणू, एवढंच विचारलं.

बाग खंडाने घेणार होता तो त्या बाईचाच भाऊ, हे मला नंतर कळलं. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तो शेजारी इलो तर रोज माझ्याकडे जेवूक बसतलो. रांधतला कोण?"

कारण तेच असेल किंवा नसेल. मी फार खोदलं नाही. बाग आज माझ्याकडे आहे ती तिच्या त्या चार सकाळींमुळे, आणि हे मी दिरासमोरही सांगते.